तीन महिन्यांची मुदत

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं ते पलटणीच्या थकलेल्या पगारापोटी. त्यात एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, आपोआप गेलं. कधीकाळी इमादशाहीची राजधानी असलेल्या या गावाशेजारी परतवाड्याला त्याच पलटणीची, हैदराबाद कंटिंजंटची, छावणी होती. दक्षिणेला पाहिलं की काळ्या मातीत कापूस, उत्तरेला पाहिलं की गाविलगडाची भिंत. त्या भिंतीमागे मेळघाट, आणि मेळघाटात साग.

नव्या कारभाराला कापसाचा हिशेब लवकर जुळला. सागाचा जुळायला थोडा वेळ लागला, कारण साग ज्या डोंगरात उभा होता तिथे कोरकू आदिवासी राहत होते. जंगलाचा एखादा तुकडा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत कोदो-कुटकी पेरायची आणि दोन-तीन हंगामांनी पुढचा तुकडा धरायचा, ही त्यांची दाह्याची शेती. सरकारच्या लेखी ती उधळपट्टी होती. १८६६ साली बैरागड आणि गुगामाळची जंगलं राखीव झाली आणि पुढच्या दशकभरात राखीवपणाचं हे कुंपण मेळघाटभर पसरत गेलं. त्या निर्णयाआधी कोरकूंना कुणी काही विचारलं असेल अशी शंकाही घ्यायचं कारण नाही. विचारण्याची रीतच तेव्हा नव्हती.

रीत आली ती पुढे, कायद्याच्या रूपाने. १८७८ चा वनकायदा होऊ घातला तेव्हा त्याच्या मसुद्यावर हरकत घेणाऱ्यांत पुण्याची सार्वजनिक सभा होती. सभेचं म्हणणं आजही नव्याने वाचावं असं आहे: जंगल राखायचंच असेल तर गावकऱ्यांना विश्वासात घ्या, आपल्या ताब्यातलं रान जो राखेल, जो नवी झाडं लावेल त्याला बक्षीस द्या, त्याला तिथून हुसकावून काय साधणार? वनखात्यात गाजलेल्या बेडन-पॉवेलला हे पटण्यासारखं नव्हतं. कायदा झाला तो सरकारी मालकीच्या बाजूने झाला. पण हरकतीला त्याने एक खिडकी ठेवली.

वऱ्हाड कागदोपत्री अजून निजामाचंच होतं, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे सरळ लागत नसत. वऱ्हाडासाठी १८८६ साली स्वतंत्र वनकायदा झाला आणि जंगलाचे तीन वर्ग पाडले गेले. इमारती लाकडाचं ते ‘अ’, बाभूळबनं आणि गवताचे रमणे ‘ब’, गुराढोरांच्या चराईचं ते ‘क’. मेळघाट अर्थातच ‘अ’ वर्गात. १९०५ साली एलिचपूर जिल्हाच मोडला आणि अमरावतीत विलीन झाला. त्यानंतर आला १९२७ चा भारतीय वन अधिनियम, जो आजही लागू आहे.

या अधिनियमाचं सहावं कलम जरा सावकाश पाहू. एखादं जंगल राखीव करायचं ठरलं की वन-जमाबंदी अधिकाऱ्याने आसपासच्या प्रत्येक गावात, स्थानिक भाषेत, जाहीरनामा लावायचा. हद्द सांगायची, राखीव झाल्यावर काय काय बंद होईल ते सांगायचं, आणि ज्याचा काही हक्क असेल त्याने तो लेखी कळवावा किंवा समक्ष येऊन सांगावा म्हणून मुदत द्यायची. ही मुदत तीन महिन्यांहून कमी नको. आणि नववं कलम म्हणतं, ज्या हक्काचा दावा आला नाही आणि जो चौकशीत आढळला नाही, तो संपला.

कागदावर पाहिलं तर यात खोट काढायला फारशी जागा नाही. पण ‘स्थानिक भाषा’ म्हणजे वऱ्हाडात मराठी. कोरकू ही मुंडा कुळातली बोली, संथाळीशी नातं सांगणारी. तिला स्वतःची लिपी नाही. डोंगरातल्या ढाण्यावर, म्हणजे वस्तीवर, राहणाऱ्या माणसाने चावडीवरचा मराठी कागद तीन महिन्यांच्या आत कुणाकडून तरी वाचवून घ्यायचा, त्यातल्या हद्दी आपल्या नाल्या-टेकड्यांशी जुळवायच्या, आणि मग घाट उतरून साहेबापुढे उभं राहून सांगायचं की या रानातला मोह मी वेचतो, इथे माझी गुरं चरतात, आमचा मुठवा देव इथे आहे. ज्याने हे केलं नाही तो कायद्याच्या भाषेत हक्क नसलेला माणूस ठरला. पुढे त्यालाच वनखात्याने वनग्रामात वसवलं, कारण साग तोडायला, रस्ते काढायला, वणवे विझवायला माणसं तर हवीच होती.

स्वातंत्र्याने ही मुदत वाढवली असेल असं वाटतं, पण ती उलट कमी झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्य जाहीर करताना हक्क सांगण्यासाठी दिले ते दोन महिने. मेळघाट १९७३-७४ मध्येच व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. १९८५ साली अभयारण्य आलं, १९८७ मध्ये गुगामाळ राष्ट्रीय उद्यान. हक्कांच्या चौकशा देशभर इतक्या रेंगाळल्या की ऑगस्ट १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना तंबी द्यावी लागली: दोन महिन्यांत जाहीरनामे काढा, वर्षभरात प्रक्रिया संपवा. जी चौकशी सरकारला दहा-दहा वर्षांत जमली नव्हती, तिच्यात आपला हक्क दोन महिन्यांत सांगून मोकळं व्हावं ही अपेक्षा मात्र आदिवासीकडून होती. मग फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने अभयारण्यांतून वाळलेलं लाकूड आणि गवत उचलण्यावरही बंदी आली.

वाघाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे कायदे नसते तर आज मेळघाटात वाघ दाखवायला चित्रच काढावं लागलं असतं. अमरावती-अकोल्याच्या निसर्गप्रेमींनी या जंगलासाठी दिलेल्या लढाया खोट्या नव्हत्या. तक्रार आहे ती विचारण्याच्या पद्धतीबद्दल.

डोंगराखालच्या मैदानातही ही पद्धत काही वेगळी नव्हती. १९९४ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेला १९९७ मध्ये जनसुनावणी जोडली गेली आणि मोठ्या प्रकल्पाआधी लोकांपुढे येणं बंधनकारक झालं. २००६ च्या नव्या अधिसूचनेने त्याची आखणी केली: तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना, सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यायची, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्याचा प्रतिनिधी. पण यादीत काय आहे नि काय नाही, हे दिल्लीत ठरतं. रेल्वे या यादीत नाही. त्यामुळे अकोला-खंडवा मीटरगेज रुंद करताना अकोट ते आमला खुर्द हा मेळघाटच्या पोटातून जाणारा टप्पा तसाच ठेवायचा की वळवायचा, यावर जनसुनावणी घेण्याची गरजच कुणाला नव्हती. ज्यांना बोलायचं होतं ते न्यायालयात गेले, वन्यजीव मंडळाकडे गेले, मंत्रालयात गेले. २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून जंगलाबाहेरचा मार्ग मागितला. हिवरखेड, सोनाळा, जामोदच्या बाजूने जाणाऱ्या त्या मार्गाने अंतर काही किलोमीटर वाढतं, पण बाजाराची गावंही रुळावर येतात. सुनावणी झाली असती तर ही गोष्ट त्या गावांनी पहिल्याच दिवशी सांगितली असती.

पाण्याचं प्रकरण याहून कडू. नांदगावपेठ औद्योगिक वसाहतीत इंडियाबुल्सच्या ‘सोफिया’ औष्णिक वीजप्रकल्पासाठी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं. हे धरण शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत सिंचन वाढावं म्हणून पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये होतं. पाणी दिलं ते मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने. वास्तविक २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला होता, आणि पाणी कुणाला किती हे ठरवण्याचा अधिकार त्या प्राधिकरणाकडे होता, लोकांशी सल्लामसलत करून. अमरावतीत मोर्चे निघाले, बंद झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. राज्यात इतरत्रही अशा पाणीवाटपांना आव्हान मिळू लागलं. तेव्हा सरकारने २०११ साली आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती आणून हा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला, आणि आधीच्या समितीने दिलेली पाणीवाटपं कायदेशीर करून टाकली. हरकत घ्यायला लोक दारात आले म्हणून दारच काढून भिंत घालणं, असा हा कारभार. १३५० मेगावॉटचा तो प्रकल्प उभा राहिला, आज तो रतनइंडियाच्या नावाने ओळखला जातो.

याच वर्षांत, अचलपूर तालुक्याच्या उत्तर टोकाला, एका लहान गावात वेगळंच काही चाललं होतं. गावाचं नाव पायविहीर. मेळघाटच्या पायथ्याशी, कोरकूंची मोठी वस्ती. गावामागची टेकडी सरकारी नकाशावर जंगल होती. प्रत्यक्षात ती उघडीबोडकी होती. झाडं गेली, माती गेली, उरले दगड आणि चराईच्या पायवाटा.

वनहक्क कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये मंजूर केला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली ती शेताच्या पट्ट्यांपुरती: कुणाचं अतिक्रमण, कुणाला किती एकर. पण कलम ३(१) मध्ये एक वाक्य असं होतं की गावाने परंपरेने राखलेलं, वापरलेलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला आहे. हाच सामूहिक वनहक्क. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने तो २००९ मध्ये मिळवला होता. पूर्णिमा उपाध्याय आणि बंड्या साने यांच्या ‘खोज’ संस्थेने मेळघाट आणि त्याच्या पायथ्याच्या गावांत तो समजावून सांगायला सुरुवात केली.

पायविहीरसाठी या कायद्याचं मोल जास्त होतं, त्याला भूगोलही कारण आहे. अमरावती जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्र म्हणजे चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके. अचलपूर त्यात नाही. घाटावरच्या गावांना अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार आहे. घाटाखालच्या, त्याच कोरकूंच्या गावाला तो नाही. म्हणजे हातात एकच हत्यार, हा वनहक्क कायदा.

या कायद्याच्या २००८ च्या नियमांत अकरावा नियम आहे, आणि त्यात पुन्हा तेच: दाव्यांसाठी तीन महिने. पण दावे कोण मागवणार? ग्रामसभा. मुदत वाढवायची असेल तर कारण नोंदवून ती कोण वाढवणार? तीही ग्रामसभाच. वन-जमाबंदी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर पहिल्यांदाच गाव बसलं होतं. खात्याने यायचं ते पडताळणीला, गावाने बोलावल्यावर.

असा दावा म्हणजे काय असतं? आधी ग्रामसभा, पुरेशा हजेरीनिशी. पहिल्या नियमांत ही गणपूर्ती दोन तृतीयांश होती, २०१२ च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आली, आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया हव्यात अशी अट घातली गेली. सभेतून वनहक्क समिती, दहा ते पंधरा जणांची. मग हद्द चालायची. पुढे एखादा जाणता, मागे कागद धरलेला पोरगा, आणि शेजारच्या गावाची माणसं, कारण नाल्याच्या पलीकडचं रान कुणाचं यावर आजच वाद मिटवलेला बरा. कुठे गुरं पाण्यावर जातात, कुठे मोह आहेत, कुठे तेंदू, मसणवटी कुठली, देव कुठला. पुराव्यात सरकारी कागद चालतो तसा म्हाताऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही चालतो, विहीर चालते, देवस्थान चालतं. ज्या मुठव्याला १९२७ च्या कायद्यापुढे तोंड नव्हतं, तो आता पुरावा म्हणून अर्जाला जोडता येत होता. ठरावाखाली सह्या आणि अंगठे. मग फाइल उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे.

२०१२ मध्ये पायविहीरला हक्क मिळाला, सुमारे १९० हेक्टरांवर. उपातखेडा, खतिजापूर, नायाखेडा या आसपासच्या गावांचीही नावं या यादीत आली.

कागद मिळाला म्हणून टेकडी हिरवी होत नाही. गावाने चराईला बंदी घातली, रोजगार हमीतून चर खणले, खड्डे घेतले, झाडं लावली. आणि सीताफळ, जे तिथे आधीपासूनच रानोमाळ होतं, त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. सीताफळाचा व्यापार नाजूक. डोळे उघडायच्या आत तोडलं तर पिकत नाही, उघडल्यावर एखादा दिवस उशीर झाला तर वाटेतच फुटतं. आजवर रस्त्याच्या कडेला टोपली लावून, व्यापारी देईल त्या भावात ते जायचं. ग्रामसभेने तोडणीचे दिवस ठरवले, फळं प्रतवारी करून खोक्यांत भरली आणि मेळघाटच्या नावाने मुंबईच्या बाजारात पाठवली. २०१४ साली भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांचा जैवविविधता पुरस्कार पायविहीरला मिळाला. सार्वजनिक सभेने सुचवलेलं बक्षीस द्यायला १३६ वर्षं लागली.

तेंदूचं प्रकरण मला याहून महत्त्वाचं वाटतं, जरी त्याला पुरस्कार मिळत नाहीत. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हातात गेला. पान तोडणारा मजूर, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडके मोजून मजुरी घेणारा. माल सरकारचा, लिलाव सरकारचा, आणि जंगलातून माल बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. या शेवटच्या कागदावर सगळं अडतं. हक्क असूनही परवाना मिळाला नाही तर माल पावसात सडतो. मेंढा (लेखा)ला बांबूच्या परवान्याची पुस्तिका मिळायला खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना एप्रिल २०११ मध्ये गावात यावं लागलं होतं. सप्टेंबर २०१२ च्या नियमदुरुस्तीने मात्र स्पष्ट लिहिलं की गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देईल. ज्यासाठी आजोबा राउंड ऑफिसच्या पायरीवर बसायचा, तो शिक्का गावात आला. परवाना पद्धतीत लोकसहभाग म्हणतात तो एवढ्या लहान गोष्टीत असतो.

सगळीकडे असं झालं असतं तर हा लेख इथे थांबवता आला असता. मेळघाटच्या गाभ्यातली गावं उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानात आणली गेली. कायद्याप्रमाणे त्यासाठी ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण आणि लेखी संमती लागते. संमतीचे कागद होते, कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज होतं. आणि तरी जानेवारी २०१९ मध्ये त्यातले शेकडो लोक संसार डोक्यावर घेऊन जंगलात परत गेले. शेती मिळाली नाही, पैसा संपला, माणसं दगावली असं त्यांचं म्हणणं होतं. वनखातं, पोलिस आणि गावकरी यांच्यात चकमक झाली, दोन्हीकडे माणसं जखमी झाली. नोटेची रक्कम सांगितली म्हणजे माहिती दिली, असं ज्यांना वाटलं त्यांनी ती संमती घेतली होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्यात त्याला स्वतःच स्थगिती दिली, कारण दावे कसे फेटाळले गेले हेच तपासायचं राहिलं होतं. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरण आघात अधिसूचनेचा नवा मसुदा आणला: जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीसवरून वीस दिवस. हा मसुदा स्वतः निघाला तो इंग्रजी-हिंदीत. इतर भाषांत भाषांतर करा असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी प्रकल्पासाठी जंगल देताना ग्रामसभेची संमती घेण्याची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर, राज्याकडे ढकलली. लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखं हे आहे. तीन महिने, दोन महिने, तीस दिवस, वीस दिवस आणि मग निर्णय झाल्यावर, असा हा दीडशे वर्षांचा उतार आहे.

म्हणून अचलपूर, चांदूरबाजार, अकोट, तेल्हाऱ्याच्या पायथ्याशी ज्या गावांनी अजून सामूहिक वनहक्काचा अर्ज केलेला नाही, त्यांना एवढंच सांगणं आहे. या कायद्यात दावा बंद करण्याची शेवटची तारीख सरकारने घातलेली नाही. तीन महिने केव्हाच उलटले असतील, तरी ग्रामसभा कारण लिहून मुदत वाढवू शकते. अर्जाचा नमुना ‘क’, त्याला फी नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा पुढे येत असेल तिच्या विषयपत्रिकेवर तो विषय लेखी घालून घ्या, आणि त्या दिवशी बायांची हजेरी एक तृतीयांशाहून कमी भरणार नाही एवढं पाहा, नाहीतर ठराव तिथेच अडकेल.